ऐकू आलं नाही, तर तसं लिहा

रेकॉर्डिंग उतरवून देणाऱ्या प्रत्येकाने एक वाक्य हमखास ऐकलेलं असतं : ‘‘अहो, संदर्भावरून कळतंच की!’’ कागदावर चार ठिकाणी ‘अस्पष्ट’ असं लिहिलेलं दिसलं की काम देणारा ते म्हणतो. कधी प्रकाशक, कधी संशोधन प्रकल्पाचे प्रमुख, कधी वकिलाच्या कचेरीतला ज्युनिअर. सूर बहुधा समजुतीचा असतो, रागाचा नाही. पाठोपाठ सूचना येतात. मुख्य माणूस काय म्हणतोय तेवढं घ्या, मधलंअधलं सोडून द्या. दोघं एकदम बोलले असतील तर एकाखाली एक लिहून मोकळे व्हा. रिकाम्या जागा ठेवू नका, वाचणाऱ्याचा विरस होतो. आणि एखादा शब्द चुकला म्हणून काय झालं, मूळ रेकॉर्डिंग आहेच ना आपल्याकडे!

हे सांगणारी माणसं वाईट नसतात, घाईत असतात. सूचनाही शहाण्यासुरत्या वाटतात. तरी त्यांतली एकही मला पटत नाही. सगळ्यात निरुपद्रवी वाटणारी शेवटची सूचना तर सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तिचाच समाचार घेते.

मूळ रेकॉर्डिंग आहे, कबूल. पण ते ऐकतं कोण, आणि कसं? शंका आली म्हणून कोणी ऐकायला बसलंच, तर उतरवलेला कागद समोर घेऊन बसतं. ओळीवर बोट ठेवून ऐकतं. कागदावर जे आहे ते त्याला ऐकू येतं आणि ‘बरोबर आहे’ अशी खूण करून तो उठतो. याला तपासणी म्हणायचं कसं? कान आधीच पढवलेला आहे. पढवलेल्या साक्षीदाराला कोर्टात किंमत नसते. पढवलेल्या कानाला मात्र आपण खातरजमा म्हणतो.

कान असा फसतो, हे आता नव्याने सिद्ध करायची गरज उरलेली नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली ‘सायन्स’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एका इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी त्यांनी टेपमधून पूर्ण कापून काढला आणि त्या जागी खोकल्याचा आवाज बसवला. वीस जणांना ते वाक्य ऐकवलं. एकोणीस जण म्हणाले, वाक्यातला एकही ध्वनी गळलेला नाही. खोकला नेमका कुठे आला, हेही त्यांना धड सांगता येईना. नसलेला ध्वनी त्यांनी ऐकला होता, अंदाजाने भरून काढल्याची जाणीवही त्यांना नव्हती. ‘‘माझा कान तयार आहे हो’’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा. भाषा जितकी अंगात मुरलेली, तितकी गाळलेली जागा भरण्याची सवय पक्की. तयार कान अडत नाही आणि अडत नाही म्हणून सांगतही नाही.

वॉरन यांच्या प्रयोगात एक ध्वनी होता. न्यूझीलंडमधल्या बेन खटल्यात अख्खं वाक्य होतं. जून १९९४ मध्ये ड्युनेडिन शहरात एका घरातल्या पाच जणांचा हिंसक मृत्यू झाला. वाचलेल्या मुलाने १११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन केला. तो धापा टाकत होता, शब्द तुटत होते. आधी त्याला दोषी ठरवलं गेलं, पुढे ती शिक्षा रद्द झाली आणि फेरसुनावणी ठरली. तिच्या तयारीत एका तपास अधिकाऱ्याला त्या फोनच्या रेकॉर्डिंगमधल्या एका श्वासात ‘मीच गोळी घातली’ अशा अर्थाचे, शिवीसकट शब्द ऐकू आले. फोन होऊन तेव्हा दहा वर्षांहून जास्त काळ लोटला होता आणि तोवर ते कोणालाही ऐकू आलेले नव्हते. एकदा सांगितल्यावर मात्र अनेकांना ऐकू येऊ लागले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो तुकडा ज्यूरीसमोर जाऊ दिला नाही आणि २००९ साली आरोपी निर्दोष सुटला. ऑस्ट्रेलियातल्या ध्वनिशास्त्रज्ञ हेलन फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हेच रेकॉर्डिंग लोकांना ऐकवून पाहिलं. काहीही न सांगता ऐकवलं तेव्हा ते वाक्य लोकांच्या कानी पडलं नाही. सुचवल्यावर बऱ्याच जणांच्या कानी पडलं, आणि एकदा पडल्यावर ते पुसणं फार अवघड गेलं. फ्रेझर यांचा आग्रह तेव्हापासून एकच आहे : अस्पष्ट रेकॉर्डिंगचा मजकूर कोर्टात नेण्याआधी तो कोणी, काय ठाऊक असताना लिहिला, हे तपासा.

म्हणून म्हणते, ‘मूळ आहेच’ हा दिलासा खोटा आहे. अंदाजाने लिहिलेला शब्द कागदावरच राहत नाही. पुढे जो कोणी मूळ ऐकेल, त्याच्या कानातही तो शिरतो.

आता हेच आपल्याकडे आणून पाहू. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार गेली की सापळ्याआधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराच्या खिशात व्हॉइस रेकॉर्डर ठेवतात, पंच सोबत असतात, संभाषण होतं आणि मग ते पंचनाम्यात उतरवलं जातं. रेकॉर्डर शर्टाच्या खिशात. त्यावर कापड घासल्याची खरखर, मागे टपरीवरचा स्टोव्ह, रस्त्यावरचे हॉर्न, ऑफिसातला पंखा. अशा रेकॉर्डिंगमध्ये कारकून म्हणतो, ‘‘असं करा, एक द्या.’’ की तो म्हणाला, ‘‘असं करा, एकदा या’’? मोठ्याने, सावकाश म्हणून बघा. फरक एका ‘आ’चा आहे. घाईत बोलताना तो अर्धा गिळला जातो आणि उरलेला अर्धा हॉर्नखाली जातो. तक्रारदार पैशांचं बोलणं ऐकायला गेलेला आहे, त्याला ‘एक द्या’ ऐकू येणार. कारकुनाच्या वकिलाला ‘एकदा या’ ऐकू येणार. दोघंही प्रामाणिक असू शकतात. उतरवणाऱ्याने इथे न्यायाधीश व्हायचं नसतं. ‘(एक द्या / एकदा या, हॉर्न)’ असं लिहायचं, वेळ टाकायची आणि पुढे जायचं. ‘संदर्भावरून कळतंच’ म्हणणाऱ्याला माझा प्रश्न आहे : कोणाच्या संदर्भावरून?

ध्वनिमुद्रित पुराव्याची कहाणी आपल्याकडे बऱ्याच अंशी मुंबईच्या खटल्यांमधून उभी राहिली आहे. महापालिकेच्या कारकुनाला लाच देऊ करणाऱ्याचा १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला. त्यात माइक पुस्तकांच्या आड लपवलेला होता आणि पोलीस आतल्या खोलीत बसले होते. मग १९७२ साली आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र सरकार हा निकाल आला, मुंबईच्या कॉरोनरच्या फोनवरच्या बोलण्याचा. टेप पुरावा म्हणून चालते, हे या निकालांनी पक्कं केलं. १९८५ साली रामसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यासाठी अटी घातल्या : आवाज कोणाचा ते ओळखलेलं असावं, टेपमध्ये फेरफार नसल्याचं दाखवावं, ती सीलबंद जपलेली असावी, वगैरे. त्यांतली एक अट अशी, की बोलणाऱ्याचा आवाज स्पष्ट ऐकू यावा. इतर आवाजांत किंवा गडबडीत तो हरवलेला किंवा विकृत झालेला नसावा. आता उतरवणाऱ्याने हॉर्न गाळून, खरखर गाळून, शब्द भरून गुळगुळीत कागद दिला, तर ही अट मोडली आहे हे न्यायाधीशाला समजणार कसं? पंचनाम्यावर सह्या झालेल्या असतात, भाषा सरळ असते, शंका घ्यायला जागाच नसते. कागदावर खळगा दिसला तर कोणी तरी विचारेल. दिसलाच नाही तर कोण विचारणार?

आता ‘एकाखाली एक लिहून मोकळे व्हा’ याकडे वळते. माणसं एकदम बोलतात तेव्हा गोंधळ होतो, आणि तो निस्तरून देणं हे उतरवणाऱ्याचं काम, अशी समजूत आहे. ही समजूत किती महागात पडते ते एका रचलेल्या नमुन्यावर दाखवते. ठेकेदार आणि कार्यालयातला माणूस फोनवर बोलताहेत. सूचनेप्रमाणे उतरवलं तर कागद असा दिसेल :

अ : बिल मी पास करतो, पण त्यातलं थोडं आमच्याकडे द्यावं लागेल.
ब : हो.

सरळ सरळ संमती. आता तोच तुकडा जसा बोलला गेला तसा. चौकटी कंस जिथे लागला तिथे दोघांचे आवाज एकावर एक आले :

अ : बिल मी पास करतो, [पण त्यातलं थोडं आमच्याकडे द्यावं लागेल.
ब : [हो.
(दोन सेकंद शांतता)

‘हो’ हे बिल पास होण्याला होतं. पैशांचा शब्द निघण्याआधीच ते उच्चारून झालं होतं. पैशांच्या वाक्यानंतर ब गप्प आहे. पहिल्या कागदात एकही शब्द खोटा नाही, एकही गाळलेला नाही, आणि तरी त्या कागदाने एका माणसाला लाच कबूल करायला लावली. आपल्या बोलण्यात तर हे जागोजाग होतं. मराठी माणूस फोनवर ‘हं’, ‘हो’, ‘हो ना’, ‘बरं बरं’ करत राहतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच, की मी ऐकतोय, बोला पुढे. सून सासूशी फोनवर बोलते तेव्हा तिने किती वेळा ‘हो’ म्हटलं ते मोजा आणि त्यांतल्या किती गोष्टींना ती खरोखर तयार होती ते तिला नंतर विचारा.

तो चौकटी कंस मी शोधलेला नाही. गेल जेफरसन नावाच्या अमेरिकन बाईंनी बोलणं जसंच्या तसं उतरवण्याची ही पद्धत घडवली. त्या विद्यापीठात टायपिस्ट म्हणून काम करत होत्या आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या प्रशिक्षणाची रेकॉर्डिंग उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पुढे हार्वे सॅक्स यांची व्याख्यानं त्यांनी उतरवली आणि १९७४ साली सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन या तिघांचा, बोलण्याच्या पाळ्या कशा ठरतात यावरचा निबंध आला. संभाषणाच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. त्यांचं एक निरीक्षण इथे कामाचं आहे. माणसं एकावर एक बोलतात ती कुठेही नाही. समोरच्याचं वाक्य संपत आलं असं जिथे वाटतं, तिथे बहुधा दुसरा सुरू होतो. आवाज कुठे एकावर एक आले, यावरून ऐकणाऱ्याला किती आणि केव्हा समजलं ते कळतं. ते पुसून टाकलं तर कागदावर शब्द उरतात, बोलणं उरत नाही. जेफरसन यांच्या पद्धतीत न ऐकू आलेल्या जागेसाठी रिकामा गोल कंस आहे, आणि तो किती लांब असावा हेसुद्धा न ऐकू आलेलं बोलणं किती लांब होतं यावर ठरतं. अंदाज असेल तर शब्द कंसात. एका टायपिस्टने साठच्या दशकात जे ओळखलं, ते आज आपल्याकडे डॉक्टरेट झालेल्या माणसाला पटवावं लागतं, याची मला गंमत वाटते. राग येतो खरं तर.

जेफरसन यांचा १९८५ चा हसण्यावरचा निबंधही इथे आठवतो. बोलणारा हसत हसत एखादा चावट शब्द उच्चारतो. नेहमीच्या पद्धतीने उतरवणारा स्पष्ट शब्द लिहितो आणि पुढे कंसात ‘हसतो’ असं टाकतो. जेफरसन यांनी हसण्याचा एकेक उच्छ्वास शब्दातल्या अक्षरांमध्ये बसवून उतरवला, तेव्हा दिसलं की हसणं नेमकं त्या शब्दावर येतं आणि शब्द त्यात बुडून जातो. बोलणाऱ्याला तो सांगायचाही होता आणि पुरता उच्चारायचाही नव्हता. अस्पष्टपणा टेपचा नव्हता, माणसाचा होता. आपल्याकडे घरातल्या मोठ्या बायका बाळंतपणाचं, मासिक पाळीचं, नवऱ्याच्या दारूचं बोलतात तेव्हा आवाज खाली जातो, पदर तोंडाशी येतो, वाक्य अर्धं राहतं. उतरवणारा ते वाक्य उदारपणे पूर्ण करून टाकतो. जे तिने पूर्ण केलं नाही, ते पूर्ण करणारे तुम्ही कोण?

‘मुख्य माणूस’ या शब्दावर माझा सगळ्यात जास्त आक्षेप आहे. मौखिक इतिहासाच्या कामात हा शब्द कोणाला घराबाहेर काढतो ते बघा. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपावर लोकांच्या आठवणी गोळा करायला कोणी चाळीतल्या खोलीत गेलं, की खुर्चीवर बसतो निवृत्त गिरणी कामगार. माइक त्याच्यासमोर. बायको चहा ठेवायला आत आणि खोली दहा बाय बारा, त्यामुळे ती आतूनच बोलते. तो म्हणतो, ‘‘आम्ही कोणी मागं हटलो नाही.’’ त्याच्या ‘हटलो’वर तिचा आवाज येतो, ‘‘गावाहून तांदूळ आला म्हणून’’ आणि पुढचं भांड्यांत जातं. हा तुकडाही नमुन्याचाच, पण अशा मुलाखतींत बसलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. सूचनेप्रमाणे उतरवलं तर तिचं वाक्य जातं, कारण ती मुख्य माणूस नाही, शिवाय अर्धं ऐकू आलं नाही, शिवाय दोघं एकदम बोलले. तिन्ही नियम तिच्याच विरोधात. असं शंभर मुलाखतींत झालं तर आपल्या हाती संपाचा असा इतिहास येतो, ज्यात पुरुष टिकून राहिले आणि धान्य आपोआप आलं.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावचा मौखिक इतिहास पुस्तकरूपाने आणला, तेव्हा त्या पुस्तकाच्या नावातच शंभर आवाज होते. आवाज मोजायचे ठरवले तर आतल्या खोलीतलेही मोजावे लागतात.

ओव्यांच्या बाबतीत मात्र आपण असं करत नाही, हे विशेष. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या आणि पुढे त्यांतल्या कित्येकींचं ध्वनिमुद्रणही झालं. जात्यावर दोघी बसतात. एकीने उचललेली ओळ दुसरी पकडते, आवाज एकमेकींत मिसळतात, खाली जात्याची घरघर. तिथे कोणी म्हणत नाही की मुख्य बाई कोण ते सांगा, दुसरीला काढून टाकू. गाण्यात जे सौंदर्य ठरतं, तेच बोलण्यात आलं की आपण गोंगाट समजतो.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो आहे माणसाच्या मानाचा. प्रत्येक ‘अं’, प्रत्येक अडखळणं, अर्धवट वाक्य छापलं तर शहाणा माणूसही कागदावर बावळट दिसतो. खरं आहे. दिवाळी अंकात मुलाखत छापायची असेल तर शब्दांकन करा, वाक्यं जुळवा, पुनरुक्ती काढा, खाली आपलं नाव टाका. तो वेगळा व्यवहार आहे आणि मराठीत तो फार चांगल्या हातांनी केलेला आहे. फक्त उतरवलेली नोंद आणि छापायची प्रत या दोन गोष्टी आहेत हे विसरू नका, आणि पहिलीवरून दुसरी तयार करा. पहिली फेकून नव्हे. शिवाय हा मान सगळ्यांना सारखा मिळत नाही. नेत्याचं भाषण उतरवताना त्याची वाक्यं इस्त्री करून येतात आणि शेतमजूर बाईचं बोलणं ‘अस्सल’ दिसावं म्हणून तिची प्रत्येक अडखळ ठेवली जाते. हा मान म्हणायचा की मानपान?

आता माझ्याच बाजूच्या लोकांना दोन शब्द. ‘अस्पष्ट’ लिहिलं म्हणजे प्रामाणिकपणा झाला, असंही नाही. हा शब्द आळशाला सोयीचा असतो आणि सत्तेला त्याहून सोयीचा. एप्रिल १९७४ अखेर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी व्हाइट हाउसमधल्या टेपांचा बाराशेहून अधिक पानांचा मजकूर जाहीर केला. त्यात जागोजाग ‘अस्पष्ट’ आणि ‘शिवी गाळली’ असे शेरे होते. प्रतिनिधीगृहाच्या न्यायिक समितीने त्याच टेपा स्वतः ऐकून उतरवल्या. व्हाइट हाउसच्या कानाला जे अस्पष्ट होतं, त्यातलं बरंच समितीच्या कानाला ऐकू आलं. मार्च १९७३ मधल्या एका संभाषणाचा असा भागही समितीच्या मजकुरात होता, ज्यात निक्सन सहकाऱ्यांना तोंड बंद ठेवायला, प्रकरण दाबायला सांगत होते. व्हाइट हाउसच्या प्रतीत तो भाग नव्हताच. म्हणजे गाळलेली जागा कोण ठरवतो, हाही प्रश्न आहेच.

त्यावर उपाय अंदाज नव्हे. उपाय असा, की ‘अस्पष्ट’ला वेळ आणि कारण जोडा. किती मिनिटाला, किती सेकंद, कशामुळे : वाहनाचा आवाज, दोघं एकदम, आवाज खाली गेला, की मला ती बोली कळली नाही? शेवटचं कारण लिहायला लोक लाजतात. पुण्यात बसलेल्या मुलीला धुळ्याच्या आजीची अहिराणी किंवा वेंगुर्ल्याच्या काकांची मालवणी कळली नाही, तर ती ‘अस्पष्ट’ लिहून मोकळी होते. आजी तर खणखणीत बोलत असते! तिथे ‘बोली, दुसऱ्याकडून ऐकून घ्यावी’ असं लिहावं आणि त्या बाजूचा माणूस शोधावा. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून रेकॉर्डिंगही ठेवली आहेत. निदान कान बसवायला ती ऐकावीत. आणि लगेच परत ऐकण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, कागद न बघता ऐकावं. दोन माणसांनी स्वतंत्र ऐकावं आणि मतभेद झाला तर दोन्ही शब्द ठेवावेत.

लोकसभेचं कामकाज हे या बाबतीत अर्धं चांगलं, अर्धं वाईट उदाहरण. अध्यक्षांनी शब्द काढून टाकायला सांगितले तर छापील कामकाजात त्या जागी तारका येतात आणि खाली तळटीप, की अध्यक्षांच्या आदेशाने वगळलं. इथे काही तरी होतं आणि ते कोणी काढलं, हे वाचणाऱ्याला कळतं. याउलट ‘व्यवधान’ हा शेरा. त्याच्या पोटात घोषणाबाजी, एका सदस्याचा नेमका प्रश्न, हशा, सगळं एकत्र जातं आणि पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्यातलं काही वेगळं काढता येत नाही.

यंत्रांचं काय, असं आता प्रत्येक जण विचारतो. यंत्राने सेकंदात उतरवून मिळतं, मग ही कटकट कशाला? २०२२ साली ओपनएआयने बोलणं उतरवणारं ‘व्हिस्पर’ खुलं केलं आणि तेव्हापासून ते कुठे कुठे वापरलं जातंय त्याला सुमार नाही. स्वच्छ आवाज असेल तर काम चांगलं करतं, मीही कच्चा मसुदा त्यातून काढते. पण २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते तपासलं, तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांत कोणी उच्चारलेलीच नाहीत अशी वाक्यं किंवा वाक्यांश सापडले. त्यांपैकी ३८ टक्के उघड हानिकारक होते : कुठे हिंसेचा उल्लेख, कुठे खोटी माहिती. मेंदूच्या आजारामुळे ज्यांचं बोलणं अडखळतं आणि मधे मधे थांबतं, त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे जास्त झालं. यंत्राला शांतता सहन होत नाही, ते ती भरतं.

‘एकच टक्का ना?’ असं म्हणणाऱ्यांनी हा टक्का कुठे पडतो ते पाहावं. स्टुडिओत बसून घडाघडा बोलणाऱ्या वक्त्यावर तो कमी पडतो. थांबत थांबत बोलणाऱ्या म्हाताऱ्यावर, आजाऱ्यावर, रडू आवरणाऱ्या साक्षीदारावर जास्त पडण्याची भीती. शिवाय माणसाची चूक बहुधा चुकीसारखी दिसते. अर्धा शब्द, विचित्र वाक्य, काही तरी खटकतं. यंत्राचं खोटं वाक्य व्याकरणशुद्ध असतं. दोन आवाज एकावर एक आले तर बरीच यंत्रं एक आवाज निवडतात, दुसरा गायब, आणि गायब झाल्याची खूणही नाही. ‘मुख्य माणूस घ्या’ ही सूचना माणसाला निदान तोंडाने द्यावी लागत होती. यंत्रात ती न सांगता बसवलेली आहे.

शेवटी पैसा, कारण बाकीचे सगळे युक्तिवाद त्याच्यापाशी येऊन थांबतात. आपल्या बाजारात दर रेकॉर्डिंगच्या मिनिटावर ठरतो. दोन माणसांची स्वच्छ मुलाखत एक तासाची असेल तर उतरवायला चार-पाच तास सहज जातात. ग्रामसभेचं एक तासाचं रेकॉर्डिंग, ज्यात सरपंच बोलतोय, मागून तिघं ओरडताहेत, बाहेर ट्रॅक्टर चालू आहे, त्याला किती जातात ते विचारूच नका. दर मात्र तोच. त्यावर कडी म्हणजे काही जण ‘अस्पष्ट’ लिहिलेल्या मिनिटांचे पैसे कापतात. अंदाजाने भरणाऱ्याला पूर्ण दर, आणि ऐकू आलं नाही असं सांगणाऱ्याला दंड! मग महिन्याचं भाडं भरायचं असलेली मुलगी काय करेल? तिला नीतीचे धडे देण्याआधी ते कलम काढा. वेळ आणि कारण दिलं असेल तर ‘अस्पष्ट’ मिनिटाला पूर्ण दर. एकावर एक बोललेल्या मिनिटांना दीडपट. दुसऱ्या माणसाने स्वतंत्रपणे ऐकण्याचे पैसे वेगळे. माझ्या कोटेशनमध्ये मी ही तिन्ही कलमं घालते. बहुतेक वेळा ते काम दुसऱ्या कोणाला तरी जातं.